कोणाचा देव कोणाच्या गळ्यात

गळ्यातल्या देवाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही, हा आमच्या घरचा पहिला नियम. दुसरा नियम, देव अंगावेगळा करायचा नाही. पूजेपुरता तळहातावर घ्यायचा, पूजा झाली की फडक्यात गुंडाळून परत गळ्यात. बाकीचे नियम मोडले तर आई रागवायची. हे दोन मोडले तर ती रागवायची नाही, नुसती गप्प बसायची, आणि तिचं गप्प बसणं आम्हा भावंडांना परवडत नसे.

आम्ही लिंगायत वाणी. पालमला किराण्याचं दुकान. ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लहानपणी दीक्षा देताना स्वामी आपल्या हातावर इष्टलिंग ठेवतात. सुपारीहून जरा मोठं, वरून काळंभोर चकचकीत लेपण. त्या दिवसापासून ते आपलं. मरेपर्यंत गळ्यात, आणि मेल्यावर आपल्याबरोबर मातीत. आपलं कुणाला द्यायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं नाही. इतकं सरळ आहे. यात गोंधळ होण्यासारखं काहीच नाही, पण मी तो केला. माझ्या मुलांना वाटतं, बापाच्या हातून आयुष्यात एवढा एकच गोंधळ झाला म्हणून तो सारखा तेच सांगतो. एकच झाला असता तर काय पाहिजे होतं!

गोष्ट निजामाच्या राज्यातली. आम्ही तिघं मित्र परभणीच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, शिकत होतो. सगळे विषय उर्दूतून, त्यामुळं घरी आल्यावर बोलता बोलता तोंडातून 'लेकिन' निघून जायचं आणि आई म्हणायची, "माझ्याशी नीट बोल." इम्तिहान संपला, आम्ही सुट्टीला गावी आलो. हिसाबाचा, म्हणजे गणिताचा, पर्चा तिघांनाही वाईट गेला होता. माणसाच्या हातातलं संपलं होतं, तेव्हा डोंगरावरच्या महादेवाला जाऊन यावं असं ठरलं.

तिघांपैकी एक शेतकऱ्याचा मुलगा. घरी एक बैलजोडी आणि कोरडवाहू रान, पण कुठंही गेला तरी कमरेवर हात ठेवून असा उभा राहायचा की दिसतं तेवढं सगळं याच्याच नावावर असावं. त्याला आम्ही मालक म्हणायचो. दुसरा आमच्यातलाच, लिंगायताचा. वडील लहानपणीच गेलेले, घरी आई आणि तो. त्याची सकाळची पूजा अर्धा तास चालायची. डोळे अर्धे मिटलेले, तळहातावर लिंग, ओठ हलताहेत. आजूबाजूला आग लागली तरी तो उठला नसता असं आम्हाला वाटायचं. तो भगत. तिसरा मी. दुकानामुळं मला शेट म्हणत. माझ्या पूजेला किती वेळ लागतो, हे आई कुठल्या खोलीत आहे यावर अवलंबून असे.

भगतची आणि माझी दीक्षा एकाच दिवशी झाली होती. एकच मठ, एकच स्वामी, दोघं सहा-सात वर्षांचे. त्या दिवसाचं मला शिऱ्यापलीकडं काही आठवत नाही. लिंगं एकाच थाळीतून उचलून दिली होती, हे मात्र दोघांच्याही आया सांगायच्या.

डोंगर गावापासून तीन कोस. सोमवारी गेलो असतो तर वर गुरव भेटला असता, पण सोमवारी मालकच्या खळ्यावर काम होतं. म्हणून बुधवारी पहाटे निघालो. तिघांच्या शिदोऱ्या एकाच गाठोड्यात बांधल्या होत्या. मालकच्या घरची भाकरी आणि ठेचा, आमच्याकडचे धपाटे, भगतच्या आईनं दिलेला कांदा आणि दह्याचं गाडगं. गाठोडं मालकनं डोक्यावर घेतलं.

"पूजा वर करू," भगत गावाबाहेर पडतानाच म्हणाला. "टाक्याच्या पान्यानं. महादेवासमोर."

म्हणजे वर पोचेपर्यंत पाणी नाही. मी मनात हिशेब केला: तीन कोस, ऊन चढायच्या आत पोचू, काय मोठंसं. हिसाबाच्या पर्च्यात माझं काय झालं असेल हे त्या हिशेबावरून कुणालाही कळलं असतं.

शिवाय वाट मी दाखवणार होतो. चुलत्याबरोबर एकदा गेलो होतो, एवढ्या भांडवलावर. ओढ्यापाशी दोन वाटा फुटल्या. मी फार विचार करून डावी घेतली. डावी वाट अगदी विश्वासानं वर चढली, पळसाच्या झाडांतून गेली, आणि एका ओसाड, काट्यांच्या कुपाटीपाशी येऊन संपली.

"आता?" मालक म्हणाला.

"इथून पुढं असंल की."

"पुढं दरी हाय बे. उडी मारायलाव का आपन?"

"उजवी घ्यायची व्हती," भगत हळूच म्हणाला. त्याला वाट माहीत होती. मी इतक्या जोरात पुढं निघालो होतो की मला वाईट वाटू नये म्हणून तो बोलला नव्हता. त्याचा स्वभावच तसा, आणि त्या दिवशी आम्हाला तोच नडला.

मागं येऊन उजव्या वाटेनं वर पोचलो तेव्हा दिवस डोक्यावर आला होता. देऊळ काळ्या दगडाचं, दार इतकं बुटकं की आत जाताना प्रत्येकाला नमस्कार घडावा. समोर एक कान तुटलेला नंदी, बाजूला बेलाचं झाड, आणि पायऱ्या उतरून गेलं की टाकं. पाणी पाहिलं आणि माझ्या घशात काहीतरी हललं. मालक सरळ पायऱ्या उतरला, ओंजळीनं घटाघटा प्यायला आणि वर बघून म्हणाला, "लय गार हाय." वाईट हेतूनं म्हणाला नाही, पण त्या क्षणी मला तो आवडला नाही.

भगत आणि मी आंघोळ केली. कपाळाला भस्म लावलं, बेलाची पानं तोडली, लोट्यात पाणी भरलं आणि देवळासमोरच्या फरसबंदीवर एका सपाट दगडाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलो. गळ्यातलं फडकं सोडून मी लिंग डाव्या तळहातावर घेतलं. त्यानंही घेतलं. त्यानं डोळे अर्धे मिटले. मीही मिटले, पण माझ्या डोळ्यांना फट जरा मोठी होती, कारण पूजेच्या शेवटी लिंगावरचं पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं असतं आणि मी त्याच्यावर नजर ठेवून होतो.

त्या फटीतूनच मला वानरं दिसली.

पाच-सहा काळतोंडी वानरं देवळाच्या शिखरावरून उतरली आणि नंदीजवळ ठेवलेल्या गाठोड्याकडं निघाली. अगदी शांतपणे. मालक टाक्यावर पाय धूत होता.

"भाकरी!" मी ओरडलो. "भाकरी चालल्या!"

पुढचं नीट सांगायला मला कधीच जमलेलं नाही. मी हातातलं लिंग सपाट दगडावर ठेवलं आणि धावलो. ठेवलं हे मला आठवतं, कारण ठेवताना आईचा चेहरा दिसला होता. पण माझ्या बरोबरीनं कुणीतरी धावत होतं, आणि मी वळून पाहिलं तर तो भगत. आग लागली तरी न उठणारा. एका हातात लोटा, दुसरा हात मोकळा.

आम्ही दोघांनी मिळून गाठोडं ओढलं. वानरानं दुसरं टोक धरलेलं. मालक खालून दगड घेऊन बोंबलत आला. त्याचा दगड मला लागला. वानरं पांगली, एक मोठा हुप्प्या मात्र आमच्या सपाट दगडावरून उडी मारून बेलाच्या झाडावर गेला, आणि जाताना त्यानं तिथलं सगळं उधळलं. पानं, भस्माची पुडी, सगळं.

दोन्ही लिंगं दगडाखालच्या सांदीत एकमेकांना चिकटून पडली होती.

भगतनं वाकून दोन्ही उचलली. उजव्या हातात एक, डाव्यात एक. भाकरी वाचली म्हणून मी अजून हसतच होतो. त्यानं उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, परत उजवीकडं.

"तुझं कोन्तं?" तो म्हणाला.

मी जवळ गेलो. दोन्ही काळी. दोन्ही ओली. दोन्हींना तेच भस्म. मी एक उचललं आणि ते माझं वाटलं. दुसरं उचललं तर तेही माझं वाटलं.

"तुला काय वाटायलंय?" मी विचारलं.

"मला..." तो थांबला. "मला वळखू यायना."

माझं मला ओळखू येत नाही यात नवल नव्हतं. मी त्याच्याकडं कधी नीट पाहिलंच नव्हतं. पण हा रोज अर्धा तास ते हातात घेऊन बसणारा! त्याचा चेहरा पाहिल्यावर मला कळलं की त्यालाही तेच वाटतंय, आणि हसण्यासारखं त्यात काही नाही.

"भाकरीसाठी मी देव खाली ठिवला," तो म्हणाला.

"मी बी ठिवला की."

"तुझं येगळं."

हे तो इतकं साधेपणानं म्हणाला की मला रागसुद्धा आला नाही.

तो दोन्ही लिंगं तळहातांवर घेऊन दगडापाशी बसला. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. आपलं कोणतं हे कळल्याशिवाय पूजा नाही, आणि पूजा नाही तर पाणी नाही. दुसऱ्याच्या लिंगाची पूजा करून पाणी प्यायचं त्याच्यानं होणार नव्हतं. आदल्या रात्रीपासून त्याच्या पोटात काही नव्हतं, तीन कोस चढून आला होता, त्यात माझी डावी वाट. आणि टाकं वीस पावलांवर.

मालकला ही अडचण पटेना.

"दोन हायेत ना? तुमी दोघं हाव ना? मंग एकेक घ्या."

"तसं चालत न्हाई."

"चिठ्ठी टाका."

"तसं बी चालत न्हाई."

"आमच्या गावात दीडशे बैल हायेत. म्या अंधारात नुसत्या पाठीवर हात फिरवून आमचा कोन्ता ते सांगतो. तुमचा एक देव हाय अन् तुमाला वळखू येत न्हाई?"

भगतनं मान खाली घातली. मालकला लगेच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्याला भूक लागायची. तो गाठोड्यापाशी गेला, परत आला, "तुमी जेवल्याबिगर म्या जेवनार न्हाई," असं दोनदा म्हणाला, आणि मग पाठ करून जेवायला बसला. ठेच्याचा वास आमच्यापर्यंत येत होता.

थोड्या वेळानं एक म्हातारा धनगर शेरडं घेऊन टाक्यावर आला. दोन पोरं, एकाच्या दोन्ही हातांत काळे दगड, रडवेल्या तोंडानं बसलेली पाहून तो थबकला.

"काय हरवलंय का?"

"हरवलं न्हाई, मामा," मी म्हणालो. "सापडलंय. दोन्ही सापडलीत."

"मंग रडायलाव कामून?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, डोक्याचं मुंडासं काढून परत बांधलं, आणि म्हणाला, "आत एवढा मोठा महादेव बसलाय. त्याला इचारा की." मग शेरडांना पाणी पाजून तो निघून गेला.

आम्ही आत जाऊन विचारलं. भगतनं दोन्ही लिंगं पिंडीसमोर धरली आणि डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. मी त्याच्या शेजारी उभा राहून प्रार्थना करत होतो, पण ती पाण्यासाठी होती. बाहेर आलो तेव्हा त्याचा एक पाय उंबऱ्याला अडखळला. नंदीला धरून तो खाली बसला. ओठ पांढरे पडले होते आणि कोपऱ्यांत फाटले होते.

"चला खाली," तो म्हणाला. "स्वामींना इचारू. ते सांगतील."

स्वामी गंगाखेडला गेलेले होते. ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. आणि गावापर्यंत त्याच्यानं उन्हातून चालवलं नसतं, हे मालकलासुद्धा दिसत होतं. मालक माझ्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "शेट, हे पोरगं पडतंय बघ. काहीतरी कर. तुमच्यातलं तुमालाच म्हाईत."

आता मी जे केलं ते पुण्य की पाप, हे मी त्या वेळी ठरवलं नव्हतं. मलाही तहान लागली होती, हे आधी सांगितलेलं बरं. त्याच्यासाठी केलं असं आज म्हणालो तर छान दिसेल, पण किती त्याच्यासाठी आणि किती माझ्या घशासाठी, याची वाटणी मला आजवर जमलेली नाही.

मी भगतच्या हातातून दोन्ही लिंगं घेतली, उन्हात गेलो, फिरवून फिरवून पाहिली, आणि ओरडलो, "हे माझं! हे बघ, खालच्या अंगाला बारीक खड्डा हाय."

"कसला खड्डा?"

"लहानपनी पूजा करताना माझ्या हातातनं निसटलं व्हतं. मधल्या घराच्या उंबऱ्यावर आपटलं. आईनं लाटन्यानं मारलं मला. दिवाळीच्या आधी. आत्त्या आली व्हती तव्हा."

खरं बोलताना मी मोजकं बोलतो. खोटं बोलायला लागलो की मला आत्या, दिवाळी, लाटणं, सगळं लागतं.

भगत उठला. माझ्या हातातलं लिंग त्यानं जवळ घेऊन पाहिलं. खालच्या अंगावरून बोट फिरवलं. तिथं तर काहीच नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "हाय की. लागतंय बोटाला."

इथपासून माझा खरा गोंधळ सुरू झाला.

त्यानं दुसरं लिंग घेतलं, लोटा भरून आणला, बसला आणि पूजा केली. पूर्ण. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मीही माझी पूजा केली आणि संपल्यावर पुन्हा केली, कारण त्याच्या आधी पाणी प्यायची लाज वाटली. मग त्यानं लिंगावरचं तीर्थ घेतलं, टाक्याच्या पायऱ्या उतरला आणि ओंजळ भरली. पहिली ओंजळ प्यायला आणि त्याला ठसका लागला. मालकनं त्याच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की तो टाक्यातच पडायचा.

जेवायला चार धपाटे आणि दही राहिलं होतं. ठेचा संपला होता. "वानरानं खाल्ला," मालक म्हणाला. ते मात्र आम्ही कुणी खरं मानलं नाही.

उतरताना भगत माझ्या शेजारून चालत होता. मग म्हणाला, "मी रोज एवढी पूजा करतो, पन मी डोळे मिटून बसतो. तू बघतूस. तुझी पूजा खरी."

मी म्हणालो, "तसं काही न्हाई रे." याहून खरं वाक्य मी त्या दिवशी बोललो नव्हतो, पण तो ते विनय समजला.

गावात पोचल्यावर त्यानं ते सगळ्यांना सांगितलं. आईनं भर दुपारी दुकानात येऊन मला विचारलं, "मी तुला लिंगावरनं कधी मारलं रे लाटन्यानं?"

"तुला आठवत नसंल."

"मला आठवत न्हाई? तुला मारलेलं?"

"आत्त्या आली व्हती. दिवाळीच्या आधी."

आई विचारात पडली. चार दिवसांनी ती शेजारणीला म्हणत होती, असंल बाई, लाटणं न्हाई, उलथणं असंल. आठ दिवसांनी उंबऱ्याचा टवकासुद्धा तिनं दाखवला. महिन्याभरानं ती हा प्रसंग माझ्यापेक्षा चांगला सांगायला लागली. आत्या आली तेव्हा तिलाही तो आठवला. मी एकटा कोपऱ्यात बसून विचार करायचो: मी बनवून सांगितलं होतं, की मला खरंच आठवलं होतं आणि बनवतोय असं वाटलं होतं? सकाळी पूजेला बसलो की आधी खालच्या अंगावरून बोट फिरवायचो. एके दिवशी खड्डा लागायचा. दुसऱ्या दिवशी नाही. माझ्या पूजेला आता अर्धा तास लागू लागला, त्यातला बराचसा बोट फिरवण्यात जाई, आणि आई दाराआडून पाहून डोळे पुसायची.

स्वामी गंगाखेडहून आले. मठात चार लोकांसमोर म्हणाले, "देव वळखावा तर या पोरासारखा." मी त्यांच्या पाया पडलो आणि बराच वेळ वर उठलो नाही. लोकांना ती भक्ती वाटली.

इम्तिहानाचा निकाल लागला. मालक पास झाला. कसा, ते त्यालाही कळलं नाही. भगत आणि मी हिसाबात गेलो. भगतनं शिक्षण सोडलं आणि तो सेलूला मामांच्या कापसाच्या आडतीवर कामाला लागला.

तो गेल्यावर मला ते सहन होईना. तो तिकडं रोज अर्धा तास कुणाच्या तरी लिंगाची पूजा करतोय, कदाचित माझ्या, आणि मी त्याला तसं करायला लावलंय. शिवाय माझ्या गळ्यात कदाचित त्याचं. मेल्यावर मी ते बरोबर घेऊन जाणार. जिवंतपणी चूक झाली तर माणूस बघून घेतो, पण मातीत गेल्यावर कोण कुणाला परत करणार?

कापसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा दुकानाच्या कामाचं निमित्त काढून मी निघालो. बैलगाडीनं गंगाखेड, तिथून रेल्वे, परभणीला गाडी बदलून सेलू. सगळ्या वाटेनं मी वाक्य जुळवत होतो. तो खड्डा मी मनानं सांगितला. मला काही ओळखू आलं नव्हतं. तू पडशील म्हणून बोललो. शेवटचं वाक्य मी दोनदा गाळलं आणि दोनदा परत घातलं.

पोचलो तेव्हा तो जेवायला बसत होता. अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले, भुवयांवरसुद्धा. मला पाहून त्याला इतका आनंद झाला की त्यानं मला हातच धुऊ दिले नाहीत, ओढूनच पाटावर बसवलं. मामींनी मलाही ताट वाढलं.

मी वाक्य सुरू केलं. "त्या डोंगरावरचं तुला एक सांगायचंय—"

त्यानं घास हातात धरून दुसरा हात वर केला.

"जेवू दे आधी," तो म्हणाला.

जेवला. शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. आमच्यात काही जुन्या घरांतून प्रसाद वाया जाऊ नये म्हणून ताट पाण्यानं विसळून ते पाणी पितात. त्याची आई तसं करायची, तोही तसंच प्यायला. मग हात पुसून म्हणाला, "चल, बाजार दाखवतो." संध्याकाळपर्यंत मी कापसाचे ढीग, गाड्यांच्या रांगा आणि जिनिंगची धडधडणारी यंत्रं पाहिली. त्यानं मला कापसाचे चार प्रकार हातात देऊन ओळखायला सांगितले. मला एकही ओळखू आला नाही. तो हसला नाही.

त्याला माहीत होतं का? खड्डा नसताना त्याला बोटाला लागला कसा? की त्यानंही त्या दिवशी माझ्यासारखंच केलं होतं, आणि मग पुढचं कौतुक कशासाठी? मी रात्रभर कूस बदलत हा हिशेब घालत राहिलो, आणि आधीच सांगितलंय, मी हिसाबात गेलो होतो.

सकाळी उठलो तर तो आंघोळ करून परसात बसलेला. कपाळाला भस्म, समोर लोटा, तळहातावर लिंग. त्या दिवशी डोळे उघडे होते. मला पाहून त्यानं बाजूला सरकून जागा केली.

"आता सांग," तो म्हणाला. "आजून घोट घेतला न्हाई मी."

मी उभाच राहिलो. वाक्यं सगळी तयार होती, क्रमानं होती. त्याच्या ओठांकडं पाहिलं. सकाळची वेळ, ओठ नुसते कोरडे होते, फाटलेले नव्हते. मी सांगितलं असतं तर त्यानं रागावून काही म्हटलं नसतं. त्यानं लोटा बाजूला ठेवला असता आणि लिंग हातात धरून बसून राहिला असता. आज, उद्या, परवा. डोंगरावर निदान 'काहीतरी कर' म्हणायला मालक होता.

"तुझ्या आईनं सांगितलंय," मी म्हणालो. "दिवाळीला ये म्हनून."

"काल सांगितलंस की ते."

"परत सांगितलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मामी आत भाकरी थापत होत्या, त्याचा आवाज येत होता. मग त्यानं लोटा उचलला, लिंगावर पाणी घातलं, बेलाचं पान ठेवलं. पूजा झाल्यावर तीर्थ घेतलं, आणि त्यानंतर लोट्यातलं उरलेलं सगळं पाणी न थांबता प्यायला.

"तू बी बस आता," तो हाताच्या पाठीनं तोंड पुसत म्हणाला. "का आज पानी प्यायचं न्हाई तुला?"

मी फडकं सोडलं आणि बसलो, त्याच्यापासून चांगलं दोन हात अंतर ठेवून.